धार सुधारली, बाकीचे कोणी विचारलेच नाही : प्रोस्टेटच्या तीन औषधांचा अभिप्राय

गेल्या पाच वर्षांत वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मी तीन औषधे घेतली. आधी टॅम्सुलोसिन, मग त्याच्या जोडीला ड्युटास्टेराइड आणि गेल्या वर्षभरापासून ती दोन्ही सोडून अल्फुझोसिन. लघवीसाठी ही औषधे कशी आहेत याविषयी हवे तितके वाचायला मिळते. लैंगिक जीवनावर त्यांचा काय परिणाम होतो याविषयी मात्र एक तर खोक्यातील घडीच्या पत्रकात अर्धी ओळ असते, नाहीतर वाचणाऱ्याने औषधाला हातच लावू नये अशी एखादी भयकथा. मी चौसष्ट वर्षांचा विवाहित गृहस्थ आहे आणि हा अभिप्राय त्या राहून गेलेल्या भागापुरताच लिहीत आहे. औषधांचा उल्लेख मूळ घटकाच्या नावाने केला आहे, कारण खोक्यावरचे नाव बदलले तरी परिणाम घटकाचाच असतो.

माझी सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली. रात्री चार वेळा उठणे, उभे राहिल्यावर धार सुरू होण्याची वाट पाहणे, झाले असे वाटून वळावे तोच पुन्हा चार थेंब. पहिल्याच भेटीत माझ्या हातात एक छापील कागद देण्यात आला. त्यावर लक्षणांचे सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण आणि एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. खाली आठवा प्रश्न असतो : ही लघवीची अवस्था आयुष्यभर अशीच राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? माझे गुण १९ भरले. या कागदावर कामजीवनाविषयी एकही प्रश्न नाही हे मला तेव्हा खटकलेसुद्धा नाही. पुढच्या सगळ्या गैरसमजांचे मूळ मात्र मला आता त्या कोऱ्या जागेतच दिसते.

टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रोज एक कॅप्सूल, ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने. लघवीपुरते बोलायचे तर हे औषध मला उत्तम लागू पडले. चार-पाच दिवसांत धार मोकळी झाली आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत रात्रीचे उठणे दोनवर आले. हे औषध ग्रंथी लहान करत नाही, तर ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल सोडते, म्हणून फरक लवकर कळतो. चक्कर मला दोनदाच आली, तीही अंथरुणातून झटकन उठल्यामुळे.

त्याच तिसऱ्या आठवड्यातील एका रात्री कामतृप्तीची जाणीव नेहमीसारखी झाली, पण बाहेर काहीच आले नाही. आधी ते लक्षातच आले नाही. लक्षात आल्यावर मी उठून दिवा लावला आणि चादर तपासत बसलो. माझ्या छातीत दुखू लागले असावे असे पत्नीला वाटले. 'आत काहीतरी फुटले असेल,' असे मी तिला अगदी गंभीरपणे सांगितल्याचे आठवते. मग दोघांनी मिळून ते घडीचे पत्रक शोधले, दिव्याखाली उलगडले, आणि नाक चोंदणे व डोकेदुखी यांच्या आसपास कुठेतरी 'स्खलनविषयक विकार' असे दोन शब्द सापडले. विकार म्हणजे नेमके काय, तो धोक्याचा आहे का, औषध बंद केल्यावर जातो का, यातले काहीही तिथे नव्हते. औषध चांगले असेल, पण पत्रक हाही त्या वस्तूचाच भाग मानला तर तो भाग नापास आहे.

जे मला त्या रात्री कोणीतरी सांगायला हवे होते ते असे. वीर्याचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, वीर्याशयातून येतो. उरलेल्यातील बराचसा प्रोस्टेटमधून. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. स्खलनाच्या क्षणी वीर्यवाहिन्या, वीर्याशय आणि प्रोस्टेट आकुंचन पावून हा ऐवज मूत्रमार्गात ढकलतात आणि त्याच वेळी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते. लघवीला मोकळी वाट मिळावी म्हणून टॅम्सुलोसिन ज्या अल्फा-१ए ग्राहींना, म्हणजे स्नायूंवरच्या हुकूम टिपणाऱ्या जागांना, अडवते, नेमके तेच ग्राही या आकुंचनाचा हुकूम पोहोचवत असतात. म्हणजे हा दुष्परिणाम औषध वाट चुकल्यामुळे होत नाही. एकाच चावीने दोन कुलपे उघडावीत तसा तो होतो. वीर्य उलटे मूत्राशयात जाते, असे पूर्वी समजले जाई आणि अजूनही अनेक जण तसेच सांगतात. पण टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांची नंतरची लघवी तपासली तेव्हा तीत पुरेसे शुक्राणू आढळले नाहीत. म्हणजे बऱ्याच अंशी वीर्य पुढे ढकललेच जात नाही. ताठरता आणि इच्छा यांना सहसा धक्का लागत नाही. अपत्य हवे असलेल्या पुरुषाने मात्र हे औषध सुरू करण्यापूर्वीच बोलून घ्यायला हवे.

हे किती जणांना होते? अमेरिकेतील मान्यतेच्या वेळच्या चाचण्यांत ०.४ मिलिग्रॅमच्या मात्रेवर ८.४ टक्के पुरुषांनी स्खलनातील बिघाड सांगितला, ०.८ मिलिग्रॅमवर १८.१ टक्क्यांनी आणि औषधाविनाची नकली गोळी घेणाऱ्यांपैकी केवळ ०.२ टक्क्यांनी. सिलोडोसिन हे याच जातीचे, पण त्या ग्राहींवर आणखी नेमके बसणारे औषध. त्याच्या चाचण्यांत हा आकडा २८.१ टक्के आहे आणि नकली गोळीवर ०.९. ते मी घेतलेले नाही, त्यामुळे त्याविषयी आकड्यापलीकडे काही म्हणणार नाही.

०.२ हा आकडा लक्षात असू द्यावा, कारण पुढे तो उपयोगी पडला. तीन महिन्यांनी मी हा प्रकार माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितला. सांगायला तीन महिने लागले यात माझाही दोष आहेच. त्यांनी संगणकावरून नजर न हटवता उत्तर दिले, "काका, या वयात त्याचे एवढे काय? आणि हे आधीच सांगितले, तर सगळ्यांना व्हायलाच लागते." पहिल्या वाक्याचा राग आला. दुसऱ्या वाक्यात मात्र काही तथ्य आहे का ते पाहावे असे वाटले, आणि तसे ते आहे.

इटलीत झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. प्रोस्टेटच्या रुग्णांना वर्षभर फिनास्टेराइड (ग्रंथी लहान करणारे, ड्युटास्टेराइडच्या जातीचे औषध) देण्यात आले. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, निम्म्यांना दिली नाही. ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी ४३.६ टक्क्यांनी लैंगिक तक्रारी केल्या. ज्यांना सांगितले नाही त्यांच्यापैकी १५.३ टक्क्यांनी. मनाचा हात किती लांब पोहोचतो याचा हा पुरावाच आहे. परंतु त्यावरून 'सांगू नये' असा निष्कर्ष काढणे मला गैर वाटते. ताठरतेच्या बाबतीत धास्तीला भरपूर वाव असतो, हे कोणताही प्रौढ पुरुष कबूल करील. वीर्य न येणे ही गोष्ट मात्र भास म्हणून होत नाही. नकली गोळीवरच्या हजारांमागे दोघांनाच ती झाली. अशा निव्वळ यांत्रिक परिणामाविषयी मौन पाळून कोणाचेही मन धास्तीपासून वाचत नाही. उलट न सांगितल्यामुळे ते अधिकच घाबरते आणि मग खऱ्या अर्थाने ताठरतेवर येते. मला पुढचे दोन महिने नेमके तेच झाले. औषधाने फक्त वीर्य थांबवले होते. बाकीचे माझ्या धास्तीने थांबवले. खुलासा वाचल्यानंतर ताठरता परत आली. औषध तेच आणि मात्राही तीच होती.

दीड वर्षाने सोनोग्राफीत ग्रंथी ५२ ग्रॅमची निघाली. तरुणपणी ती साधारण वीसच्या आसपास असते. पीएसएही (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन, ज्यावरून कर्करोगाची शंका तपासतात) थोडे वाढलेले होते. अशा मोठ्या ग्रंथीला केवळ स्नायू सैल करून पुरत नाही म्हणून ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम जोडण्यात आले. हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता, हे मी आजही म्हणेन.

या औषधाचा स्वभाव अगदी वेगळा आहे. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) ते अडवते, आणि प्रोस्टेटची वाढ या दुसऱ्या संप्रेरकावरच पोसली जाते. या कल्पनेचा उगम मोठा विलक्षण आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका वस्तीत हे विकर जन्मतःच उणे असलेली माणसे आढळली आणि त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांचे प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहिले होते. त्यातून पुढे फिनास्टेराइड आले, ज्याला अमेरिकेत १९९२ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, आणि २००१ मध्ये ड्युटास्टेराइडला. फिनास्टेराइड या विकराचा एक प्रकार अडवते आणि रक्तातील त्या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरते. ड्युटास्टेराइड दोन्ही प्रकार अडवते आणि प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घसरते. ग्रंथी खरोखर आक्रसते, पण त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. पीएसए साधारण निम्म्यावर येते, म्हणून ही तपासणी वाचणाऱ्या डॉक्टरांना औषधाची कल्पना देणे अत्यावश्यक आहे. नाहीतर फसवा दिलासा मिळतो.

सातव्या महिन्यात माझे गुण १९ वरून ८ वर आले होते आणि रात्री मी एकदाच उठत होतो. त्या आनंदात दुसरे काही कमी झाल्याचे मला कळलेच नाही. टॅम्सुलोसिनने जे नेले ते एका रात्रीत, दिवा लावून दिसले होते. ड्युटास्टेराइडने नेले ते हळूहळू, आणि जे गेले त्याची खबर देणारेच त्याच्यासोबत गेले. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार करायलाही थोडी कामेच्छा शिल्लक असावी लागते. माझ्याऐवजी पत्नीच्या ते लक्षात आले. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "तुम्ही हल्ली रागावलेले नसता, पण जवळही नसता." मी मनातल्या मनात महिने मोजले. चार महिने झाले होते. पहाटेची ताठरताही कधीतरी बंद पडली होती. नेमकी केव्हा, ते सांगता येईना. स्तनाग्रे किंचित दुखरी झाली होती. तेही याच औषधाचे ज्ञात लक्षण आहे, हे नंतर समजले.

येथे आकडे सांगतो, पण ते जपून वाचावे लागतात. फिनास्टेराइडच्या चार वर्षांच्या आणि तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी ताठरतेची तक्रार ८.१ टक्क्यांनी केली, नकली गोळीवर ३.७ टक्क्यांनी, कामेच्छा घटल्याची ६.४ टक्क्यांनी, नकली गोळीवर ३.४ टक्क्यांनी. दुसऱ्या ते चौथ्या वर्षात नव्या तक्रारींचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे झाले. यावरून 'वर्षभर कळ काढा, सगळे जाते' असे सांगण्याची पद्धत आहे. काहींचे जातेही. पण ज्यांना फार त्रास झाला त्यांतले काही जण औषध सोडून आधीच बाहेर पडलेले असतात, हेही विसरू नये. आणि टॅम्सुलोसिनसोबत ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांना स्खलनाच्या तक्रारी दोहोंपैकी एकच औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतात. जोडगोळीच्या चाचणीत पहिल्या सहा महिन्यांत त्या ७.८ टक्के होत्या, तर एकट्या टॅम्सुलोसिनवर २.२ आणि एकट्या ड्युटास्टेराइडवर १ टक्का. दोन औषधे एका कॅप्सूलमध्ये घालून दिली की रुग्णाला ती एकच वाटतात आणि कशामुळे काय होते ते उलगडत नाही. म्हणून पर्याय असेल तर सुरुवातीला ती वेगवेगळी घ्यावीत, असे माझे मत झाले आहे.

दुसऱ्या पारड्यात जे आहे तेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. फिनास्टेराइडच्या त्याच चार वर्षांच्या चाचणीत लघवी अचानक तुंबण्याचा धोका ५७ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका ५५ टक्क्यांनी घटला होता. ज्याने एकदा रात्री-अपरात्री लघवी तुंबून नळी घालून घेतली आहे, तो माणूस कामेच्छेचा हा व्यवहार हसत मान्य करील आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. शिवाय लैंगिक तक्रारींचा सगळा दोष औषधांवर टाकणेही योग्य नाही. अमेरिका आणि सहा युरोपीय देशांतील ५० ते ८० वयाच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले, की लघवीचा त्रास जितका अधिक तितक्या ताठरतेच्या आणि स्खलनाच्या तक्रारी अधिक, आणि हे वय, मधुमेह, हृदयविकार यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही. रात्री चार वेळा उठणाऱ्या माणसाच्या अंगात तसेही काय उरते?

मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जो प्रश्न विचारला तो मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचा वाटतो : "तुमचे नेमके काय गेले आहे? इच्छा, ताठरता, की वीर्य?" तोपर्यंत मी तिन्ही गोष्टींना मिळून 'ते' म्हणत होतो. प्रत्येकीचा गुन्हेगार वेगळा आणि उपायही वेगळा, हे त्या प्रश्नानंतर उमगले. वीर्य गेले असेल तर प्रथम अल्फा-ब्लॉकरकडे, म्हणजे टॅम्सुलोसिनच्या जातीच्या औषधाकडे पाहावे. इच्छा गेली असेल तर ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडकडे. ताठरता गेली असेल तर याच औषधांसोबत रक्तदाब, साखर आणि मनाची धास्ती यांच्याकडेही.

रोज ५ मिलिग्रॅम टॅडालाफिल हा एक मार्ग असतो. २०११ पासून अमेरिकेत ते प्रोस्टेटच्या लक्षणांसाठीही मान्य आहे आणि ताठरतेला मदतच करते. माझ्या वाट्याला ते आले नाही, कारण हृदयासाठी माझ्याकडे नायट्रेटची गोळी असते आणि ही दोन औषधे एकत्र आली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. शस्त्रक्रियेचीही चर्चा झाली. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडून काढण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे वीर्य कायमचे उलटे मूत्राशयात जाते, त्यामुळे 'ऑपरेशन करा आणि गोळ्यांच्या कटकटीतून सुटा' या सल्ल्यात निदान या बाबतीत सुटका नाही. ग्रंथीच्या पाळ्या टाक्यांनी बाजूला ओढून ठेवण्याची किंवा वाफेने आक्रसवण्याची नवी तंत्रे स्खलन राखतात, पण ती प्रत्येक ग्रंथीला चालत नाहीत.

अखेर ड्युटास्टेराइड थांबवले आणि टॅम्सुलोसिनच्या जागी अल्फुझोसिन १० मिलिग्रॅम आले. तेही अल्फा-ब्लॉकरच, पण स्खलनात ढवळाढवळ फारच कमी करते. आठवड्याच्या आत वीर्य परत आले. पूर्वीइतके नाही, पण आले. त्याचा मला झालेला आनंद त्या घटनेच्या मानाने जरा जास्तच होता. चक्कर मात्र या गोळीने टॅम्सुलोसिनपेक्षा अधिक येते, निदान मला. रात्रीचे उठणे एकवरून दोनवर गेले. सहा महिन्यांनी गुण ११ भरले.

इच्छेचे परतणे इतके झटपट नव्हते. ड्युटास्टेराइड शरीरात फार रेंगाळते. त्याचा अर्धा साठा उतरायलाच सुमारे पाच आठवडे लागतात आणि म्हणूनच ते थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करू देत नाहीत. चौथ्या महिन्याच्या सुमारास एका पहाटे मला स्वतःचीच ओळख पटल्यासारखे झाले. फिनास्टेराइड बंद केल्यावरही काहींच्या लैंगिक तक्रारी टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये त्या पत्रकात समाविष्ट करायला लावल्या. माझ्या बाबतीत सुदैवाने तसे झाले नाही. पण पूर्वीची सगळी इच्छा परत आली का, असे विचाराल तर उत्तर 'बरीचशी' असे आहे, आणि उरलेली औषधाने नेली की मधल्या पाच वर्षांनी, ते मला वेगळे काढता येत नाही. औषध मी स्वतःच्या मनाने सोडले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. दर तीन महिन्यांनी धारेचा वेग आणि मूत्राशयात मागे राहणारी लघवी मोजली जाते आणि ग्रंथी पुन्हा वाढू लागली तर हा निर्णय फिरवावा लागेल, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा माझा निवाडा असा : लघवीसाठी टॅम्सुलोसिन पाचपैकी साडेचार, वीर्याविषयी आधी सांगितले गेले तर एकूणही तितकेच, नाही सांगितले तर तीन. ड्युटास्टेराइड मोठ्या ग्रंथीसाठी चार, पण ते सुरू करताना पती-पत्नी दोघांनीही डॉक्टरांसमोर बसावे, कारण पहिली खबर बहुधा तिलाच लागते. अल्फुझोसिन माझ्यापुरते चार. मागच्या भेटीत तो सात प्रश्नांचा कागद पुन्हा भरायला मिळाला. आठव्या प्रश्नाखाली मोकळी जागा होती, तिथे मी पेनाने आकडा ९ घातला आणि प्रश्न न लिहिताच उत्तर लिहिले : 'बरे चालले आहे.' डॉक्टरांनी ते वाचले, कागद फायलीत लावला आणि पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.